बेटं दिसणारी खिडकी कशी निवडायची? सातारा-सांगलीहून अंदमान, लक्षद्वीप, मालदीवला निघालेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ए घ्यावी की एफ? एका शब्दात सांगा.

विमान कुठून निघतंय आणि किती वाजता, हे कळल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. आधी बेटं विमानाच्या कोणत्या दिशेला येणार ते ठरवा, अक्षर त्यावरून आपोआप ठरतं. विमानाच्या नाकाकडे तोंड करून बसल्यावर डावीकडची खिडकी म्हणजे ए. उजवीकडची खिडकी तीन-तीन सीटच्या विमानात एफ असते, मोठ्या रुंद विमानात बहुधा के.

विमान पूर्वेला निघालं असेल तर ए खिडकीतून उत्तर दिसते. दक्षिणेला निघालं तर पूर्व, पश्चिमेला निघालं तर दक्षिण आणि उत्तरेला निघालं तर पश्चिम. ही चार वाक्यं मोबाइलमध्ये लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशोब यांवरच चालतो, आणि परतीच्या प्रवासात अक्षर उलटतं हेही यातूनच कळतं. जाताना एफ घेतली म्हणून येतानाही एफच घेणारे पुष्कळ असतात. मग जाताना बेटं पाहिली आणि येताना नुसतं पाणी, असं होतं.

चेन्नईमार्गे अंदमानला चाललोय. कोणती बाजू?

चेन्नई ते पोर्ट ब्लेअर हा मार्ग जवळजवळ सरळ पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे झुकलेला आहे. (शहराचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजय पुरम झालं. तिकिटावर दोन्हीपैकी कोणतंही नाव दिसू शकतं.) बेंगळुरूहून गेलात तरी दिशा साधारण तीच. दीड-पावणेदोन तास खाली फक्त बंगालचा उपसागर असतो, त्यामुळे तेवढा वेळ कोणत्याही खिडकीत काही विशेष नसतं. खरं पाहायचं ते शेवटच्या वीस मिनिटांत.

सरळ रेषेने आल्यास उत्तर सेंटिनल बेट मार्गाच्या थोडं दक्षिणेला पडतं, म्हणजे उजवीकडे, एफला. चौफेर पांढरी वाळू, आत दाट हिरवं जंगल, एकही रस्ता नाही. या बेटाच्या पाच सागरी मैलांच्या आत जायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे विमानाची खिडकी हाच ते बघायचा रास्त मार्ग. पुढे रटलंड आणि हवा स्वच्छ असेल तर दूरवर लिटल अंदमानही याच बाजूला. ए बाजूला दक्षिण आणि मध्य अंदमानचा हिरवा पट्टा, खाड्या आणि खारफुटी दिसते. स्वराज द्वीप (हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (नील) पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला आहेत. विमान उतरण्याआधी पूर्वेकडे वळसा घेतं तेव्हाच ती दिसण्याची शक्यता असते.

आमचा कौल: नोव्हेंबर ते मार्च या काळात ए. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे असतो, एफला समुद्र चांदीसारखा चमकतो आणि रंग धुऊन जातात. ए बाजूला तेच पाणी निळं-हिरवं दिसतं. ज्यांना सेंटिनल बघायचंच आहे त्यांनी चमक सोसून एफ घ्यावी.

कोलकात्याहून गेलं तर?

मग चित्र पार बदलतं. कोलकात्याहून विमान दक्षिण-आग्नेयेला येतं आणि उत्तर अंदमान जवळ येतं तेव्हा सरळ रेषेत ते बेटांच्या पश्चिमेला असतं. म्हणजे अख्खी साखळी डावीकडे: उत्तर, मध्य, दक्षिण अंदमान एकामागून एक. त्यामुळे ए. सकाळच्या विमानाला ऊनही डावीकडूनच येतं ही अडचण आहे, पण इथे आम्ही ऊन सोसायला सांगतो, कारण दुसऱ्या बाजूला मोकळा समुद्रच आहे. परतताना हीच साखळी उजवीकडे येते, म्हणून एफ. परतीचं विमान सकाळचं असेल तर तेव्हाही सूर्य त्याच बाजूला असतो. दुपारचं असेल तर तो पलीकडे गेलेला असतो आणि बेटांवर प्रकाश छान पडतो.

बॅरन बेटावरचा ज्वालामुखी दिसेल का, हे हमखास विचारलं जातं. ते पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला साधारण १३५ किलोमीटरवर आहे. भारताच्या मुख्य भूमीवरून येणाऱ्या विमानाच्या वाटेत ते येत नाही, तेव्हा त्यासाठी सीट निवडू नका.

लक्षद्वीपसाठी काय पाहायचं?

लक्षद्वीपची रचना एकदा समजली की सीट निवडणं सोपं जातं. इथली बहुतेक बेटं प्रवाळाच्या कड्याच्या पूर्व काठावर बसलेली आहेत आणि उथळ लगून (कड्याच्या आतलं शांत पाणी) त्यांच्या पश्चिमेला आहे. पोपटी-निळा रंग दिसतो तो या लगूनचा. विमानतळ असलेलं अगत्ती बेटही तसंच: पूर्वेला अरुंद कडा आणि लगेच गडद खोल पाणी, पश्चिमेला रुंद लगून. धावपट्टी बेटाच्या दक्षिण टोकाला, ईशान्य-नैऋत्य दिशेत आहे. विमान नैऋत्येकडून उतरलं तर लगून डावीकडे, ईशान्येकडून उतरलं तर उजवीकडे. वारा ज्या दिशेने येतो त्या दिशेला तोंड करून विमान उतरतं, त्यामुळे हे त्या दिवशीच्या वाऱ्यावर ठरतं.

कोचीहून अगत्तीला जाताना विमान पश्चिमेला, जरा उत्तरेकडे सरकत जातं. सरळ मार्गावर आधी आंद्रोत उजवीकडे आणि नंतर कवरत्ती डावीकडे येतं. आंद्रोतला मोठं लगून नाही, कवरत्तीला आहे. म्हणून जाताना ए. गोव्याहून जाणारं विमान मिळालं तर (वेळापत्रक बदलत राहतं, बुकिंग करताना तपासा) चेतलत, किल्तान, कदमत, अमिनी आणि शेवटी बंगारम ही बेटं मार्गाच्या पूर्वेला, म्हणजे डावीकडेच पडतात. बित्रा तेवढं उजवीकडे राहतं. तिथेही ए.

लक्षद्वीपला जायला प्रवेश परवाना लागतो. तो हातात आल्याशिवाय सीटचे पैसे भरू नका.

मालदीव?

मुंबईहून माले जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. सरळ रेषेने गेल्यास मिनिकॉय उजवीकडे तीसेक किलोमीटरवर येतं. मग मालदीवच्या उत्तरेकडची कंकणाकृती बेटं सुरू होतात आणि बरीचशी मार्गाच्या पश्चिमेला पडतात. म्हणजे एफ. सकाळच्या विमानाला सूर्य डावीकडे असतो, त्यामुळे उजवीकडे बेटंही आहेत आणि प्रकाशही योग्य बाजूने आहे. इतका सोयीचा मेळ दुसऱ्या मार्गांवर सहसा जमत नाही. उतरण्याआधीची पंधरा-वीस मिनिटं मोबाइल खाली ठेवून नुसतं बघा, असं आवर्जून सांगतो: गडद निळ्या पाण्यात एक फिकट कडं येतं, त्याच्या आत आणखी छोटी कडी, आणि काही कड्यांत जमीन अजिबात नसते, नुसती वाळूची रेघ.

मालेची धावपट्टी उत्तर-दक्षिण आहे. डिसेंबर ते मार्च-एप्रिल या काळात वारा ईशान्येकडून असतो, तेव्हा विमान बऱ्याचदा माले ओलांडून दक्षिणेला जातं आणि वळून उत्तरेकडे तोंड करून उतरतं. अशा वेळी माले शहर, त्याच्या दाटीवाटीच्या इमारती आणि २०१८ साली खुला झालेला पूल डावीकडे दिसतो. पण तेवढ्यासाठी एफ सोडू नका.

परतीला ए. परतीचं विमान दुपारी उशिराचं असेल तर सूर्य बेटांच्याच बाजूला असतो, हे धरून चाला.

श्रीलंकेला जाताना रामसेतू दिसतो का?

ढग नसतील तर दिसू शकतो. चेन्नईहून कोलंबोला जाताना तो मार्गाच्या पश्चिमेला, म्हणजे उजवीकडे. मुंबईहून कोलंबोला जाताना तो पूर्वेला, म्हणजे डावीकडे. जागा तीच, पण विमान कुठून निघालं त्यावर बाजू बदलते.

बाजू ठरली. आता रांग कोणती?

एअरबस ए३२० मध्ये इमर्जन्सी एक्झिट बहुधा १२ आणि १३ या रांगांत असतात आणि पंख साधारण ९ ते १९ रांगांच्या खाली पसरलेला असतो. तिथे बसलात तर खाली फक्त पंखाचा पत्रा दिसतो. एक्झिटच्या रांगेत पाय पसरायला जागा जास्त असते, म्हणून तिला पैसेही जास्त पडतात, पण बेटं बघायला तिचा उपयोग नाही.

३ ते ७ या रांगा सर्वांत चांगल्या. ८-९ पासून इंजिनाचं आवरण मध्ये येऊ लागतं. पुढच्या रांगांचे पैसे द्यायचे नसतील तर मागे २३ च्या पुढे जा. तिथे एक त्रास आहे: इंजिनातून निघणारी गरम हवा पंखाच्या मागून वाहते आणि तिच्यातून पाहिलेलं दृश्य लहरतं. डोळ्यांना ते फार जाणवत नाही, फोटोत मात्र किनाऱ्याच्या कडा पुसट येतात. शेवटच्या दोन-तीन रांगांतून खाली आणि मागे बघितलं तर बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं.

ए३२१ लांब आहे, त्यात हे आकडे लागू नाहीत. बुकिंगच्या सीट मॅपवर पंख कुठे काढलाय ते बघा आणि त्याच्या पुढे किमान तीन-चार रांगा सोडून बसा.

खिडकीची सीट घेतली आणि शेजारी खिडकीच नाही, असं खरंच होतं?

होतं. बोइंग ७३७-८०० मध्ये पंखाच्या थोडं पुढे वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर जाते, त्या जागी खिडकी ठेवलेली नसते. कंपनीच्या क्रमांकानुसार ती साधारण १० ते १२ या रांगांत येते, जास्त करून डाव्या बाजूला.

दुसरी अडचण सगळ्याच विमानांत आहे. ए३२० मध्ये दोन खिडक्यांमधलं अंतर २१ इंच, ७३७ मध्ये २० इंच. सीटच्या रांगांमधलं अंतर मात्र २८ ते ३० इंच. दोन्हींचा मेळ बसत नाही, म्हणून काही रांगांत खिडकी खांद्याच्या मागे जाते, काहींत बरोबर डोळ्यासमोर येते. सीटचे फोटो दाखवणाऱ्या वेबसाइटवर त्या विमानाची, त्या कंपनीची रांग शोधा. विमान ऐनवेळी बदललं तर हा अभ्यास वाया जातो. त्याला इलाज नाही.

एटीआर विमानात कुठे बसावं?

अगत्तीची धावपट्टी जेमतेम १,२०० मीटर आहे, त्यामुळे तिथे एटीआर ७२ सारखी छोटी पंख्यांची विमानं जातात. बेटं बघायला हे विमान उत्तम: पंख छताच्या वर असतो, खाली काही आड येत नाही, आणि ते जेटपेक्षा खूप खालून व सावकाश उडतं. सीट दोन-दोन असतात, मधली सीट नाही. पुढच्या काही रांगांत पंखा आणि इंजिन नजरेच्या आड येतं, तेव्हा मागचा अर्धा भाग निवडा. चढायचं दारही मागेच असतं. पंखा फ्रेममध्ये आला तर मोबाइलच्या फोटोत त्याची पाती वाकडी, तुटल्यासारखी दिसतात. तो कॅमेऱ्याच्या ओळीओळीने टिपण्याच्या पद्धतीचा परिणाम आहे, मोबाइल बिघडलेला नसतो.

किती वाजताचं विमान घ्यावं?

लगूनचा रंग उथळ पाण्याखालच्या पांढऱ्या वाळूवरून परतणाऱ्या उजेडामुळे दिसतो. सूर्य वर आलेला असावा लागतो, म्हणजे साधारण दहा ते दोन. पण दुपार चढते तशी बेटाची जमीन तापते आणि नेमके बेटांच्या डोक्यावर ढग जमतात. म्हणून सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान बेटांवर पोहोचणारं विमान आम्हाला सर्वांत पसंत.

अंदमानात घड्याळ आपलंच, पण सूर्य खूप आधी मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास. दुपारी साडेतीनच्या पुढचं विमान नजाऱ्यासाठी निरुपयोगी धरा.

आणखी एक बारकावा. सांगली-साताऱ्यात शून्य सावलीचा दिवस (दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो) मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो, पोर्ट ब्लेअरला तो एप्रिलच्या वीस तारखेच्या आसपासच येऊन जातो. तिथून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य तिथे उत्तरेला असतो. मे महिन्याच्या सुट्टीत चेन्नईहून जात असाल तर वर सांगितलेला ए बाजूचा फायदा उरत नाही. तेव्हा एफ घ्या.

कोणत्या महिन्यात ढग कमी?

तिन्ही ठिकाणी जानेवारी ते मार्च. जून ते सप्टेंबर खिडकीसाठी जादा पैसे भरू नयेत. दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला परतीच्या मान्सूनचे ढग असतात, सगळं नशिबावर.

विमान नक्की कोणत्या मार्गाने जातं हे आधी कसं कळेल?

फ्लाइटरडार२४ या वेबसाइटवर फ्लाइट क्रमांक टाका. मागच्या काही दिवसांच्या उड्डाणांचा मार्ग नकाशावर दिसतो. किमान चार-पाच दिवसांचे बघा, एकावर विसंबू नका. बेटांपासून मार्ग कोणत्या बाजूने गेला, उतरताना कोणत्या दिशेला वळला, दोन्ही नोंदवा. पाचपैकी चार वेळा एकच बाजू असेल तर ती घ्या.

अंतरही बघा. दहा किलोमीटर उंचीवरून क्षितिज साडेतीनशे किलोमीटरवर असतं, पण समुद्रावरच्या दमट हवेत इतकं लांबचं काही ओळखू येत नाही. पाच ते तीस किलोमीटरवरची बेटं नीट दिसतात. बरोबर विमानाखाली आलेलं बेट मात्र कोणत्याच खिडकीतून दिसत नाही, कारण खिडकीतून सरळ खाली बघता येत नाही. आणि विमान मिनिटाला तेरा-चौदा किलोमीटर जातं. अगत्तीएवढं सात-आठ किलोमीटरचं बेट जेटमधून अर्ध्या मिनिटात मागे पडतं.

म्हणून घरून निघण्याआधी गूगल मॅप्समध्ये त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. फ्लाइट मोडवरही जीपीएस चालतं, मोबाइल खिडकीच्या काचेजवळ धरला की एखाद-दोन मिनिटांत ठिपका येतो. पुढचं बेट किती मिनिटांवर आहे आणि त्याचं नाव काय, दोन्ही कळतं.

फोटो धूसर का येतात?

बहुतेक वेळा आतल्या काचेमुळे. विमानाच्या खिडकीला तीन थर असतात. बाहेरचा थर हवेचा दाब पेलतो, मधल्याला खाली एक बारीक छिद्र असतं, आणि आतला पातळ थर फक्त हात लागू नये म्हणून. तुमच्या आधीच्या प्रवाशाच्या कपाळाचं तेल या आतल्या थरावर असतं. चष्मा पुसायच्या कोरड्या फडक्याने तो आधी पुसा. छिद्राभोवती बर्फाची नक्षी जमली तर तिला टाळून फ्रेम धरा, ती थरांच्या मध्ये असते, पुसून जात नाही.

मोबाइल काचेपासून एक-दोन सेंटिमीटरवर धरा, टेकवू नका, टेकवला की थरथर फोटोत उतरते. फ्लॅश बंद. काळा किंवा गडद शर्ट घाला. पांढरा शर्ट काचेत हमखास उमटतो. किनाऱ्यावर बोट ठेवून फोकस लॉक करा, नाहीतर कॅमेरा काचेवरच्या ओरखड्यावर फोकस करतो. पोलरायझर फिल्टर लावू नका. खिडकीच्या ॲक्रिलिकमुळे त्यातून इंद्रधनुषी डाग दिसतात. पोलराइज्ड गॉगलमधूनही तेच होतं, तो काढून बघा.

विमानतळावर फोटो काढायला मनाई असते का?

पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, पोर्ट ब्लेअर आणि गोव्याचं दाभोळी नौदलाचं. अशा ठिकाणी जमिनीवर असताना, धावपट्टीवर आणि उड्डाण-उतरण्याच्या वेळी फोटो काढू नका. २०२५ मध्ये अशा विमानतळांवर खिडकीचं शेड बंद ठेवण्याचे आदेशही निघाले होते. त्या दिवशी कर्मचारी जे सांगतील ते पाळा.

पुणे किंवा कोल्हापूरहून निघणाऱ्या पहिल्या विमानालाही खिडकी घ्यावी?

पैसे वाचवायचे असतील तर तिथे वाचवा आणि दुसऱ्या टप्प्याला खर्च करा. दोन्ही टप्पे एका पीएनआरवर असले तरी सीट वेगवेगळी निवडता येते. पहिल्या टप्प्याची निवड दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही, हे तपासा.

टूर कंपनीबरोबर जातोय. सीट आपल्या हातात असते का?

ग्रुप बुकिंगमध्ये सीट बहुधा कंपनीच लावते, आणि जोडपी एकत्र बसवायच्या नादात खिडकीचा विचार होत नाही. पैसे भरतानाच टूर मॅनेजरना लेखी सांगा: "चेन्नई-पोर्ट ब्लेअर टप्प्याला ए, रांग ३ ते ७ किंवा २३ च्या पुढे, फरकाची रक्कम आम्ही देऊ." नुसतं 'खिडकी द्या' म्हटलं की पंखावरची मिळते. पीएनआर मागून घ्या. देशांतर्गत विमानांचं वेब चेक-इन बहुधा ४८ तास आधी उघडतं, उघडल्या उघडल्या बघा.

बरोबर आई-वडील आणि लहान मुलं आहेत.

गुडघे दुखणाऱ्यांना किंवा वारंवार बाथरूमला जावं लागणाऱ्यांना बाजूच्या वाटेची सीट द्या, आणि उतरण्याच्या अर्धा तास आधी, सीट बेल्टचा दिवा लागायच्या आत, अदलाबदल करा. एकाच बाजूला, एकामागे एक दोन खिडक्या घेतल्या तर कुणाचं राहत नाही. विमान खाली येताना कान दुखतात, तेव्हा मुलांना गोळी चघळायला द्या, तान्ह्याला दूध पाजा. ऐन बेटं दिसतात तेव्हा रडारड नको.

मालदीवच्या सी-प्लेनमध्ये सीट निवडता येते?

नाही. ट्विन ऑटर विमानात सीट क्रमांक नसतात, आधी चढेल तो आधी बसेल. ती फक्त दिवसाउजेडी उडतात, त्यामुळे मालेला दुपारी उशिरा पोहोचलात तर ते विमान दुसऱ्या दिवशीच मिळेल. पंख इथेही वर असतो. पंखा आणि खालच्या तराफ्यांमुळे पुढच्या सीटवरून दृश्य अडतं, मागची खिडकी बघा.

चेक-इनला सगळ्या खिडक्या गेल्या. आता?

विमानतळावर काउंटरवर विचारा. सुटण्याच्या तासभर आधी काही सीट मोकळ्या होतात. तेही जमलं नाही तर आत बसून दार बंद होईपर्यंत थांबा आणि मग कर्मचाऱ्यांना विचारा. परस्पर उठून दुसऱ्या रांगेत जाऊ नका. एटीआरसारख्या छोट्या विमानात कोण कुठे बसलंय यावर वजनाचा समतोल ठरवलेला असतो, आणि काही रांगा मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या असतात.